मोटारीचा तळ आणि रस्त्यावरील मीठ

ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतो, त्या देशांत मोटारगाडीचे आयुष्य पुष्कळदा तिच्या यंत्रावरून ठरत नाही, तिच्या तळावरून ठरते. इंजिन उत्तम चालत असते, वरचा रंग चकचकीत असतो, आसनेही फारशी झिजलेली नसतात. परंतु गाडी उचलून तिच्याखाली दिवा धरला म्हणजे निराळेच चित्र दिसते. दारांखालच्या पोकळ पट्टीला हातोडीने हलकेच ठोकताच पत्र्याचे पापुद्रे गळून पडतात, आणि ब्रेकच्या बारीक नळीवर तांबूस फोड आलेले असतात. हा विध्वंस घडविणारा पदार्थ आपल्या नित्याच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे साधे मीठ.

हे मीठ रस्त्यावर का टाकतात, पोलादावर त्याचा परिणाम कसा होतो, आणि गाडीच्या मालकाने त्यापासून तळाचे रक्षण कसे करावे, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे. पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, ते वाचकाने प्रथमपासून ध्यानात ठेवावे: पाणी ज्या जागी आदळून निघून जाते त्या जागी पोलाद फारसे गंजत नाही, पाणी ज्या जागी मुक्काम करते त्या जागी ते गंजते.

रस्त्यावर मीठ का टाकतात?

शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. त्यात मीठ विरघळविले म्हणजे गोठणबिंदू खाली जातो. शंभर भाग द्रावणात दहा भाग मीठ असेल, तर ते शून्याखाली सुमारे साडेसहा अंशांपर्यंत द्रवरूप राहते. मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के झाले, तर ही मर्यादा शून्याखाली २१ अंशांपर्यंत पोहोचते. त्यापलीकडे मीठ वाढविल्याने लाभ होत नाही. प्रत्यक्षात तापमान शून्याखाली नऊ-दहा अंशांच्याही खाली गेले की मिठाने बर्फ वितळण्याची क्रिया फारच मंदावते. म्हणून अलीकडच्या दशकांत कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत कॅल्शियम क्लोराइड व मॅग्नेशियम क्लोराइड यांची द्रावणेही मिठाच्या जोडीने वापरली जातात.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली रस्त्यांवर मीठ पसरण्याचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात त्या देशातील महामार्गांवर सुमारे पाच हजार टन मीठ पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची वाहतूक झपाट्याने वाढली. बर्फ दाबून त्यावरून साखळ्या लावलेल्या चाकांनी जाण्याऐवजी रस्ता पूर्णपणे उघडा ठेवावा, असे धोरण रूढ झाले. आज तेथे वर्षाला एक कोटी टनांहून अधिक मीठ रस्त्यांवर टाकले जाते. कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली गॉडरिच येथे, आणि इंग्लंडात चेशायरमधील विन्सफर्ड येथे, भूगर्भातील प्रचंड खाणींतून हे मीठ काढतात. योगायोग असा की, मोटारींच्या निर्मितीसाठी जगप्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहराच्या पोटातही, जमिनीखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे. आणि तिच्यातील मीठ त्याच शहरात तयार झालेल्या गाड्यांच्या वाटेवर पसरते.

मिठामुळे निसरड्या रस्त्यांवरील अपघात कमी होतात व माणसांचे प्राण वाचतात. तेव्हा मीठ टाकणे अजिबात बंद व्हावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. रस्ता सुरक्षित झाला, त्याची किंमत पोलादाला मोजावी लागते, आणि ती किती मोजावी लागेल हे बऱ्याच अंशी मालकाच्या दक्षतेवर अवलंबून असते.

गंजण्याची क्रिया

लोखंड केवळ कोरड्या हवेत सहसा गंजत नाही. प्राणवायू विरहित अशा शुद्ध पाण्यातही ते जवळजवळ गंजत नाही. गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही एकत्र यावी लागतात. याचे कारण असे की, गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. ओल्या पोलादी पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युतघट निर्माण होतात. एका जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनांच्या रूपाने पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूमधून वाहत दुसऱ्या जागी जातात व तेथे पाणी आणि प्राणवायू त्यांचा स्वीकार करतात. पहिली जागा झिजते, दुसरी शाबूत राहते. दोन्ही जागांहून निघालेले पदार्थ पाण्यात एकमेकांस भेटतात, त्यांच्याशी आणखी प्राणवायूचा संयोग होतो, आणि आपल्या परिचयाचा तांबूस गंज तयार होतो.

या गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. म्हणूनच दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज शिरला की तो पाचरीप्रमाणे सांधा फाकवितो, आणि रंगाखाली शिरला की रंगाला फोड आणून तो उचलून टाकतो. शिवाय हा थर सच्छिद्र असल्यामुळे तो आतील धातूचे रक्षण करीत नाही. उलट स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो.

मीठ या क्रियेत काय करते?

मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते तीन प्रकारे या क्रियेस साहाय्य करते. पहिला प्रकार हा की, शुद्ध पाणी विजेचे वाहक म्हणून दुर्बल असते, तर मिठाचे पाणी उत्तम वाहक असते. पाण्यातील अडथळा दूर झाल्याने वर सांगितलेले विद्युतघट जोमाने काम करू लागतात. दुसरा प्रकार असा की, मिठातील क्लोराइड आयन धातूवरील सूक्ष्म संरक्षक थर जागोजागी भेदतात व नव्याने जमू देत नाहीत.

तिसरा प्रकार सर्वांत कमी ध्यानात येणारा, परंतु फार महत्त्वाचा आहे. मीठ हवेतील बाष्प शोषून घेते. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीत पाणी सुटते, ते याच गुणामुळे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठास पाणी सुटते. मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. म्हणजे ज्या दिवशी रस्ता कोरडा आहे, आकाश निरभ्र आहे, गाडी डोळ्यांना कोरडी दिसते, त्या दिवशीही तिच्या तळाला चिकटलेले लवण ओलेच असते व गंजण्याचे काम अखंड चालू राहते.

येथे तापमानाचाही विचार केला पाहिजे. सर्वसाधारण रासायनिक क्रियांप्रमाणे गंजण्याची क्रियाही उष्णतेने वाढते व थंडीने मंदावते. म्हणून मिठाच्या चिखलाने माखलेली गाडी रोज रात्री ऊब दिलेल्या गॅरेजात नेऊन ठेवणे हे वरकरणी गाडीची काळजी घेतल्यासारखे वाटले, तरी तळाच्या दृष्टीने अहितकारक ठरते. बाहेर गोठलेल्या अवस्थेत जी क्रिया जवळजवळ थांबलेली असते, ती आतील उबेत बर्फ वितळताच पुन्हा सुरू होते. गॅरेज उबदार असेल, तर गाडी धुऊनच आत न्यावी आणि हवा खेळती ठेवावी.

चिखलाचे पोटीस

केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यूलिक रिचर्डसन एव्हान्स (१८८९–१९८०) यांनी गंजण्याच्या विद्युत्-रासायनिक स्वरूपाचा पाया घालणारे संशोधन केले. त्यांचा पाण्याच्या थेंबाचा प्रयोग साधा आहे, आणि कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहता येतो. पोलादाचा पत्रा घासून स्वच्छ करावा. सौम्य मिठाच्या पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड व फिनॉल्फ्थॅलीन यांचे थोडे द्रावण मिसळून त्याचा एक थेंब पत्र्यावर ठेवावा. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग दिसू लागतो, तर कडेने गुलाबी कडे उमटते. निळा रंग लोखंड विरघळत असल्याची खूण, आणि गुलाबी रंग प्राणवायू इलेक्ट्रॉन स्वीकारीत असल्याची.

या प्रयोगाचा अर्थ लक्षपूर्वक पाहावा. थेंबाच्या कडेला हवा सहज पोहोचते, मध्यभागी ती कमी पोहोचते. आणि झीज होते ती मध्यभागी, म्हणजे प्राणवायूचा पुरवठा जेथे तोकडा आहे तेथे. गाडीच्या तळाला चिकटलेला चिखलाचा गोळा हा असाच एक मोठा थेंब होय. त्याच्या कडेला हवा आहे, पोटात नाही. आणि त्याच्या पोटाखालचा पत्रा, दृष्टीआड, झिजत राहतो. वैद्यांच्या पोटिसाप्रमाणे हा चिखल ओल व लवण पत्र्याशी घट्ट धरून ठेवतो. पत्र्यांमधील अरुंद फटीतही हाच प्रकार घडतो. केशाकर्षणाने खारे पाणी आत ओढले जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही.

आता आरंभी सांगितलेल्या तत्त्वाचे कारण स्पष्ट होईल. वेगाने जाताना पाण्याचे फवारे जेथे सतत आपटतात तो उघडा भाग निदान धुतला जातो आणि वाऱ्याने वाळतो. नाश होतो तो आडोशाच्या जागी.

तळातील मर्मस्थाने

अशा आडोशाच्या जागा पुढीलप्रमाणे असतात: चाकांच्या कमानींची आतील दुमडलेली कड, दारांखालच्या पोकळ पेटीसारख्या पट्ट्या, पत्र्यांचे वेल्डिंग केलेले सांधे, स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर जेथे सांगाड्याला जोडलेले असतात त्या जागा, जॅक लावण्याची स्थाने, इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या, विशेषतः त्या जेथे पकडींमध्ये बसविलेल्या असतात. दारांच्या व पट्ट्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली म्हणजे ती पट्टी खाऱ्या पाण्याची टाकीच बनते.

आजच्या बहुतेक मोटारींत स्वतंत्र सांगाडा नसतो. तळ, पट्ट्या व कमानी मिळून गाडीला बळकटी देतात. त्यामुळे येथील गंज हा शोभेचा प्रश्न राहत नाही, प्राणांचा होतो. ब्रेकची पोलादी नळी गंजून फुटली, तर नेमक्या गरजेच्या क्षणी, जेव्हा चालक ब्रेक जोराने दाबतो, तेव्हाच फुटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली मीठ वापरणाऱ्या राज्यांतील जुन्या गाड्यांच्या मालकांना याच धोक्याची सूचना दिली, आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्याव्यात व गाडीचा तळ नियमित धुवावा, असे सांगितले. ब्रिटनमधील गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीत आसनपट्टे, ब्रेक इत्यादींच्या महत्त्वाच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून दुर्बळ झाला असेल, तर गाडी नापास करतात.

कारखान्यातील संरक्षण

पोलादाचे रक्षण दोन मार्गांनी होते. एक मार्ग पाणी व हवा यांना अडविण्याचा, म्हणजे लेपाचा. दुसरा मार्ग पोलादाऐवजी दुसऱ्या धातूचा बळी देण्याचा. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून दाखवून दिले की, अधिक क्रियाशील धातू स्वतः झिजून आपल्या सोबत्याला वाचवितो. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर चढविण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडील जस्ती पत्रे व जस्ती बादल्या याच विद्येची फळे होत. जस्ताच्या थराला ओरखडा पडून पोलाद उघडे झाले, तरी भोवतालचे जस्त झिजत राहून त्या उघड्या जागेचे काही काळ रक्षण करते. साध्या रंगाला हे साधत नाही.

मोटारींच्या बाबतीत या दोन्ही मार्गांचा संगम झाला. फोर्ड कंपनीने १९६० च्या दशकात विजेच्या साहाय्याने रंगाचा थर चढविण्याची पद्धत प्रचारात आणली. या पद्धतीत संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून विद्युतप्रवाह सोडतात, त्यामुळे फवाऱ्याने न पोहोचणाऱ्या पोकळ भागांतही रंग जाऊन बसतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास पोर्श कंपनीने आणि १९८० च्या दशकात आउडी कंपनीने जस्तलेपित पोलादाची संपूर्ण बॉडी वापरण्यास आरंभ केला. पुढे जस्तलेपित पत्रा सर्वत्र रूढ झाला. म्हणून आजची गाडी पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीपेक्षा गंजाला पुष्कळ अधिक काळ तोंड देते. तथापि खडीच्या माऱ्याने लेप फुटतो, जस्तही अखेर संपते. मालकाचे काम येथून सुरू होते.

मालकाने करावयाचे उपाय

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय धुण्याचा. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर चढेल त्या दिवशी तळाला खालून साध्या पाण्याचा जोरदार फवारा द्यावा. कमानींच्या कडा, पट्ट्या व सांधे यांतील चिखल निघाला पाहिजे. काही धुलाई केंद्रांत तेच पाणी पुनःपुन्हा वापरतात. ते खारे झालेले असण्याचा संभव असल्याने अखेरची धुणावळ ताज्या पाण्याची असावी. हिवाळा संपल्यावर केलेली धुलाई सर्वांत महत्त्वाची. कारण उरलेल्या लवणाला त्यानंतर येणारी ऊब मिळाली की त्याचे काम वेगाने सुरू होते. धुतल्यावर पाणी जाण्याची छिद्रे बारीक काडीने मोकळी करावीत.

दुसरा उपाय लेपाचा. बाजारात मुख्यतः दोन जातींचे लेप मिळतात. डांबर किंवा रबर यांचा कठीण होणारा लेप खडीचा मार चांगला सोसतो. परंतु कालांतराने तो तडकतो, कडेने सुटतो, आणि त्याच्या मागे खारे पाणी शिरले की ते तेथेच कोंडून राहते. वरून लेप अखंड दिसतो, आत पत्रा संपत जातो. म्हणजे रक्षणासाठी लावलेला लेपच पोटिसाचे काम करू लागतो. दुसरी जात मऊ लेपांची: मेण, तेल, किंवा मेंढीच्या लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन. हे लेप सांध्यांत झिरपतात, तेथील पाणी बाजूस सारतात, आणि ओरखडा पडला तर काही अंशी पुन्हा पसरतात. मात्र ते धुपून जातात, म्हणून दरवर्षी किंवा वर्षाआड नव्याने लावावे लागतात. पोकळ पट्ट्यांत लांब नळीच्या फवाऱ्याने मेणच घालावे, हे बरे.

कोणताही लेप लावावयाचा तो पत्रा स्वच्छ व पूर्ण कोरडा असतानाच लावावा. त्यासाठी उन्हाळ्याची अखेर हा योग्य काळ. ब्रेकच्या तबकड्या, सायलेन्सर व त्याच्या नळ्या, पाणी जाण्याची छिद्रे या जागा कटाक्षाने वगळाव्यात. काही तेलांनी रबर फुगते, म्हणून रबरी भागांचाही विचार करावा.

विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडून संपूर्ण गाडी गंजण्यापासून वाचविण्याचा दावा करणारी उपकरणेही विकली जातात. जहाजाच्या किंवा जमिनीत पुरलेल्या नळाच्या बाबतीत विजेने असे रक्षण होते हे खरे. परंतु तेथे सर्व धातू पाण्याने किंवा ओल्या मातीने अखंड वेढलेला असतो व प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण होते. मोटार हवेत असते. तिच्यावरील थेंब एकमेकांपासून तुटलेले असतात, त्यामुळे प्रवाहाला मार्गच मिळत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अशा एका उपकरणाच्या जाहिरातीतील दाव्यांविरुद्ध कारवाई केली होती.

गंज आधीच लागला असल्यास

गंजावर थेट रंग किंवा डांबर फासणे म्हणजे रोग झाकणे होय. सुटा गंज तारेच्या ब्रशाने व पटाशीने खरवडून काढावा, मीठ पाण्याने धुऊन टाकावे, पत्रा पूर्ण वाळू द्यावा, मग जस्तयुक्त प्रायमर, त्यावर रंग व शेवटी मेणाचा लेप द्यावा. सांध्यांतील न निघणाऱ्या गंजावर झिरपणारे तेल अधिक उपयोगी पडते. पत्र्याला भोक पडले असेल, किंवा ब्रेकच्या नळीवर खवले आले असतील, तर लेपाचा काही उपयोग नाही. पत्रा कापून नवा वेल्ड करणे, नळी बदलणे, हाच उपाय. नवी नळी तांबे-निकेल मिश्रधातूची घेतल्यास ती मिठाला पुष्कळ दाद देत नाही. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये. गाडी भक्कम घोड्यांवर टेकवावी व डोळ्यांना चष्मा लावावा.

आपल्या किनाऱ्यावरील अनुभव

आपल्या बहुतांश रस्त्यांवर कोणी मीठ पसरत नाही. परंतु मुंबई, कोकण व गोवा येथे समुद्रावरून येणारा वारा तेच काम करतो. लाटा फुटताना उडालेले खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कण तो किनाऱ्यावर आणून सोडतो, आणि किनाऱ्यापासून दूर जावे तसे त्यांचे प्रमाण घटत जाते. त्यात पावसाळ्यातील चिखल व दमट हवा यांची भर पडते. १९५३ साली तामिळनाडूतील कारैकुडी येथे कार्यास आरंभ केलेल्या केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतील हवेत धातू किती वेगाने गंजतात, याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. टोरांटोत राहणारा मराठी गृहस्थ मार्चच्या अखेरीस जे करतो, तेच रत्नागिरीच्या गृहस्थाने पावसाळा सरताच करणे हिताचे: तळ धुवावा, छिद्रे मोकळी करावीत, पत्रा वाळू द्यावा, सांध्यांत मेण घालावे.

वर्षातून दोन वेळा, एकदा ऋतूच्या आधी व एकदा नंतर, गाडी उचलून तिच्या तळाकडे दिवा घेऊन पाहावे. या पाहणीला अर्धा तास लागतो. लेप कोणता वापरावा याविषयी मतभेद असू शकतात. पण जेथे चिखल साचला आहे तो काढावा आणि जेथे पाणी अडले आहे त्याला वाट करून द्यावी, याविषयी नाहीत. ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याचा आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यांचा जीव शेवटी त्या दृष्टीआडच्या पोलादावर सोपविलेला असतो.